चढणीची वाट बंद झाली की माशाचं काय होतं?

मागच्या अंकात चीनच्या यांगत्से नदीतल्या पॅडलफिश नावाच्या माशाबद्दल छोटी चौकट छापली होती. हा मासा धरणामुळं संपला आणि तो जगातून कायमचा गेल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं, एवढंच त्यात होतं. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सदर सगळं त्याच विषयाला दिलंय. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत, नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय म्हणून फक्त गाव-तालुका ठेवलाय.

प्रश्न : धरणामुळं मासा संपला असं तुम्ही लिहिलंय. पण धरणात तर पाणी जास्त असतंय, मग मासा वाढायला पाहिजे ना? आमच्या राधानगरीत, काळम्मावाडीत मासे आहेतच की. मग हाच कसा काय संपला? (राधानगरी तालुका)

काका, पहिल्यांदा तुमच्या राधानगरीतल्या माशांचंच बघू. धरणात जे कटला, रोहू, मृगळ मिळतात ते मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, आणि साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, म्हणून तर धरणात मत्स्यबीज सोडावं लागतं, आणि चिलापी तर परदेशातनं आणलेली, तिला साठलेलं कोमट पाणी चालतंच. म्हणजे धरणात मासा दिसतो म्हणून नदीतला मासा शाबूत आहे असं काही धरता येत नाही.

आता पॅडलफिश. हा साधासुधा मासा नव्हता हो. जगातल्या गोड्या पाण्यातल्या सगळ्यात मोठ्या माशांपैकी एक, पुढं तलवारीसारखं लांब चपटं नाक, आणि त्या नाकावर बारीक बारीक संवेदना-केंद्रं, ज्यानं गढूळ पाण्यातसुद्धा भक्ष्याच्या अंगातली सूक्ष्म वीज त्याला कळायची. त्याच्या घराण्याचे जीवाश्म डायनासोरच्या काळातले आहेत. त्याचा एकच भाऊबंद आज शिल्लक आहे, तो अमेरिकेत मिसिसिपीच्या खोऱ्यात, पण तो पाण्यातलं बारीक खाद्य गाळून खातो आणि हा चीनमधला मासेखाऊ होता. १९७० च्या दशकात यांगत्सेत वर्षाला साधारण २५ टन पॅडलफिश पकडला जायचा, म्हणजे दुर्मीळ वगैरे काही नव्हता, बाजारात येणारा मासा होता.

त्याचं आयुष्य आख्ख्या नदीवर पसरलेलं होतं. वाढायचा खालच्या अंगाला, पार समुद्राच्या तोंडापर्यंत जायचा, आणि अंडी घालायला वसंतात हजारो किलोमीटर वर चढायचा, यिबीन गावाच्या वरच्या बाजूला, जिथं नदीचा तळ दगडगोट्यांचा आणि पाण्याला ओढ आहे. अंड्यांना असंच पाणी लागतं, कारण वाहत्या पाण्यात प्राणवायू भरपूर असतो आणि गाळ बसून अंडी गुदमरत नाहीत.

१९८१ च्या जानेवारीत यिचांग इथं गझौबा धरणानं नदी अडवली. माशाला वर जायला त्यात वाटच ठेवलेली नव्हती. खालचे मासे खाली राहिले, त्यांना अंडी घालायची जागाच उरली नाही. वर जे थोडे अडकले ते अंडी घालू शकत होते, पण त्यांच्या पिल्लांची वाढायची जागा तर धरणाच्या खाली.

आणि इथंच ती गोष्ट आहे जी मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सावकाश सांगतो. धरण झालं आणि मासा संपला असं दुसऱ्या वर्षी कुणालाच वाटलं नाही, कारण मासे दिसत होते! हा मासा बरीच वर्षं जगायचा, मादी अंड्यावर यायलाच सात-आठ वर्षं लागायची, त्यामुळं धरणाआधी जन्मलेले मोठमोठे मासे पुढं कितीतरी वर्षं जाळ्यात येत राहिले. एखाद्या डोंगरातल्या वाडीत घरं उघडी असतात, चुली पेटतात, म्हातारी माणसं पारावर बसलेली दिसतात, पण गेल्या वीस वर्षांत पाळणा हललेला नसतो, तसं झालेलं ते. १९८१ ते २००३ या काळात पॅडलफिश दिसल्याच्या २१० नोंदी आहेत. १९८३ मध्ये या माशाच्या मासेमारीला बंदी आली, १९८९ मध्ये चीननं त्याला पहिल्या दर्जाचं संरक्षण दिलं, कागदावर सगळं झालं. पण नंतर शास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी मांडून हिशेब केला तेव्हा कळलं की १९९३ च्या सुमारासच या माशाची पुढची पिढी तयार होण्याइतकी संख्या संपलेली होती.

२००३ च्या जानेवारीत यिबीनजवळ एक मादी जाळ्यात सापडली, साडेतीन मीटर लांब. तिला वाचवलं, अंगाला सिग्नल देणारं यंत्र लावून परत नदीत सोडलं, नावेतनं मागोवा घेत राहिले, आणि काही दिवसांत ती नाव खडकाला धडकली आणि सिग्नल गेला तो गेलाच. त्यानंतर जिवंत पॅडलफिश पाहिल्याची पक्की नोंद नाही. त्याच वर्षी जूनमध्ये गझौबाच्या थोडं वरच्या अंगाला थ्री गॉर्जेस धरणात पाणी भरायला सुरुवात झाली. २०१७-१८ मध्ये आख्ख्या यांगत्से खोऱ्यात पाहणी झाली, ३३२ जातींचे मासे मिळाले, हा नाही मिळाला. जुलै २०२२ मध्ये आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं अधिकृतपणे 'नामशेष' लिहिलं. यांगत्सेत १० वर्षांची सरसकट मासेमारीबंदी १ जानेवारी २०२१ पासून आहे, ती या माशासाठी लय उशिरा आली.

प्रश्न : राग मानू नका, पण एक मासा गेला तर असं काय बिघडलं? माणसाला वीज लागते, पाणी लागतं. मासा बघायचा का माणूस? (इचलकरंजी)

राग अजिबात नाही, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि इचलकरंजीकरांनी पाण्यासाठी जे काढलंय ते आम्हाला माहीत आहे. धरणाची वीज खरी आहे आणि तिची गरजही खरी आहे. पण 'मासा का माणूस' अशी वेळ खरोखर किती वेळा आलेली असते ते बघूया.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात टेकोपा नावाची गरम पाण्याची झऱ्यांची जागा आहे, वज्रेश्वरीला जसे लोक आंघोळीला जातात तसेच तिथंही जातात. त्या झऱ्यांच्या ओहोळात चार सेंटिमीटरचा एक मासा राहायचा, टेकोपा पपफिश. जवळजवळ ४२ अंशाच्या पाण्यात जगणारा! एवढं पाणी आपल्याला आंघोळीलासुद्धा कडक वाटतं. १९४८ मध्ये शास्त्रात त्याची नोंद झाली. पुढं तिथं पर्यटक वाढले, स्नानगृहं मोठी केली, आणि १९६५ मध्ये ते काम करताना दोन झऱ्यांचे ओहोळ एकत्र करून चर सरळ केला. झालं एवढंच. पण पूर्वी पाणी पसरून सावकाश वाहायचं, निवत जायचं, कडेला शेवाळ, उथळ डबकी, तिथं हा मासा राहायचा, आता पाणी जोरात आणि गरमच्या गरम खाली जायला लागलं. त्यात बाहेरचे मासे येऊन पडले. १९७० मध्ये तो शेवटचा दिसला, त्याच वर्षी तो धोक्यातल्या प्रजातींच्या सरकारी यादीत गेला, आणि १९८२ मध्ये यादीतनं नाव काढलं कारण मासाच उरला नव्हता. नामशेष झाल्यामुळं त्या यादीतनं काढलेली ती पहिली प्रजाती. आता सांगा, इथं कुणाची वीज अडली होती, का कुणाचं पिण्याचं पाणी? चर जरा वेगळा काढला असता, एक बाजू तशीच सोडली असती तरी भागलं असतं, फक्त कुणीतरी आधी विचारायला पाहिजे होतं.

चीनमध्येच युनान प्रांतात यीलाँग नावाचं तळं आहे. शेतीला आणि कारखान्यांना पाणी उपसून उपसून १९८१ मध्ये ते वीसेक दिवस पूर्ण कोरडं पडलं. वीसच दिवस. नंतर पाणी परत आलं, पण फक्त त्याच तळ्यात असणारी कार्प माशाची एक जात गेली ती गेली. ते पाणी ज्यांनी उपसलं त्यांचंही तळं कोरडं पडून काही भलं झालं नसणार.

माझं मत विचाराल तर मासा ज्या पाण्यात जगत नाही ते पाणी माणसाला प्यायला चालवायचं म्हणजे यंत्रणा आणि पैसा ओतावा लागतो, आणि हे इचलकरंजीपेक्षा जास्त कुणाला सांगायची गरज नाही.

प्रश्न : हॅचरीत पिल्लं तयार करून नदीत सोडली की प्रश्न मिटत नाही का? आणि आता क्लोनिंग वगैरे आहे, त्यानं पॅडलफिश परत आणता येईल का? (पन्हाळा)

पॅडलफिशचं आधी सांगतो, नाही येणार. तो पाळलेल्या अवस्थेत कुठंही नाही, आणि ज्यापासून पुन्हा जीव घडवायचा अशा जिवंत पेशीही कुणी जपून ठेवलेल्या नाहीत.

हॅचरीचं उत्तर मात्र 'हो' पण आहे आणि 'नाही' पण आहे. आपल्याकडचं चांगलं उदाहरण म्हणजे महसीर, आपल्याकडं खडशी म्हणतात तो. लोणावळ्याला १९७० च्या दशकापासून दख्खनी महसीरची पिल्लं तयार केली जातात, त्यात खरी मेहनत आहे आणि त्या माशाचा फायदाही झालाय. पण तीच पिल्लं दक्षिणेत कावेरीत नेऊन सोडली, चांगल्या हेतूनंच सोडली, आणि तिथं कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला महसीर होता, जो जगात दुसरीकडं कुठंच नाही, तो मागं पडत गेला. आज तो अतिधोक्यातल्या यादीत आहे, २०१८ मध्ये त्याची नोंद तिथं झाली. मासा महसीरच, पण नदी वेगळी, म्हणून घोटाळा झाला. यांगत्सेतसुद्धा चायनीज स्टर्जनची पिल्लं लाखोंनी सोडली, तरी तो मासा आजही अतिधोक्यातच आहे कारण त्याचीही वर जायची वाट त्याच धरणानं बंद केलेली. पिल्लू सोडलं तरी ते मोठं होऊन अंडी घालायला कुठं जाणार हा प्रश्न राहतोच ना.

त्यामुळं सणावाराला नाहीतर वाढदिवसाला 'पुण्य लागतं' म्हणून रंकाळ्यात नाहीतर पंचगंगेत दुकानातले मासे आणून सोडतात, ते कृपया करू नका. विशेषतः आफ्रिकन मांगूर. देशात त्याच्या पालनावर बंदी आहे, तो मिळेल ते खातो आणि कमी प्राणवायूच्या पाण्यातही तगतो, म्हणजे आपली घाण झालेली नदी त्याला सोयीचीच.

प्रश्न : आमच्याकडं पहिल्या मोठ्या पावसात चढणीचे मासे धरायची पूर्वापार पद्धत आहे. माझा आजा धरायचा, बा धरायचा, मी पण धरतो. आता हे पण चुकीचं म्हणणार का? (भुदरगड तालुका)

नाही म्हणणार भावा, आणि तुझं पत्र वाचून आनंद झाला, कारण पॅडलफिशची आख्खी गोष्ट ज्याला एका वाक्यात कळेल तो चढणीचे मासे बघितलेला माणूसच. पावसाचं नवं पाणी ओढ्याला आलं की नदीतला मासा उलटा वर चढतो, ओढ्यातनं ओहोळात, ओहोळातनं भातखाचरात, आणि त्यातले निम्मे-अधिक गाभोळीनं भरलेले असतात. ते अंडी घालायलाच वर आलेले असतात. मग प्रश्न एवढाच, की वर पोचतात किती?

आजोबांच्या काळात बांबूच्या कामट्यांचा सापळा एखाद्या कडेला लावायचे, बाकी ओढा मोकळा. आता काही ठिकाणी नायलॉनचं बारीक जाळं या काठापासनं त्या काठापर्यंत लावतात, काही जण करंट सोडतात, काही जिलेटिन टाकतात, कुणी विष टाकतं. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, हे नवीन काही नाही. आडवं जाळं लावून ओढा पूर्ण बंद करणं म्हणजे त्या रात्रीपुरतं ते धरणच झालं, आणि लहान माशांचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं असतं, म्हणजे लागोपाठ दोन-तीन हंगाम असं झालं की त्या ओढ्यात नवीन पिढीच नाही. पॅडलफिशला निदान वीस वर्षं लागली.

मग काय करायचं? माझं म्हणणं एवढंच, निम्मा ओढा मोकळा सोडायचा, पहिले दोन दिवस हात लावायचा नाही, पोट फुगलेली मादी हातात आली तर परत सोडायची. गावानं ठरवलं तर होतं. महाडजवळच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे मासे म्हणून लोक महसीरला हातसुद्धा लावत नाहीत, तिथं पोलीस उभा करावा लागत नाही.

इथं कोल्हापूरच्या एका गोष्टीचं मला खरंच कौतुक आहे आणि ते मासळीच्या बाजूनं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. आपला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा! पावसाळ्याआधी बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायचे, पावसाळा ओसरला की परत घालायचे. हे पुराच्या पाण्यासाठी आणि गाळासाठी केलेलं, माशाचा विचार त्यात असेल-नसेल, पण नेमक्या चढणीच्या दिवसांत नदी मोकळी होते, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरनं पाणी वाहायला लागलं की आपण सगळे ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका एवढंच बघत बसतो, पण त्याच पाण्यातनं मासा बंधारा पार करून वर जाऊ शकतो. भोगावती, तुळशी, कासारी, कुंभीकडं. म्हणून बर्गे वेळेवर निघणं हे पुरासाठी जेवढं गरजेचं तेवढंच माशासाठी. जिथं बर्गे काढायला उशीर होतो तिथं पहिली चढण वाया जाते. आणि मोठ्या धरणांना तर ही सोय नाहीच, तिथनं वरच्या आणि खालच्या माशांची ताटातूट कायमचीच.

प्रश्न : हिरण्यकेशीत जगात कुठंच नसलेला मासा सापडलाय हे खरं का? तो पण संपू शकतो का? (आजरा)

खरं आहे. हिरण्यकेशीच्या उगमाशी, आंबोलीच्या महादेव मंदिराजवळच्या पाण्यात मुऱ्यांच्या कुळातली एक छोटी रंगीत जात सापडली, २०२० मध्ये शास्त्रात नोंद झाली आणि नदीच्याच नावावरनं शिस्टुरा हिरण्यकेशी असं नाव दिलं. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आंबोली सिंधुदुर्गात येते पण नदी पुढं तुमच्या आजऱ्यातनं, गडहिंग्लजमधनं जाते, त्यामुळं ती तुमचीच समजा.

संपू शकतो का, तर हो. वर टेकोपाचं वाचलंत ना? एका झऱ्यापुरता राहणारा मासा म्हणजे त्याचं सगळं घर त्या झऱ्यात. सुशोभीकरण म्हणून कुणी तळाला काँक्रीट केलं, पाणी दुसरीकडं वळवलं, लोकांनी साबण लावून आंघोळी केल्या, कुणी हौसेनं गप्पी मासे सोडले, यातलं एक पुरे आहे. त्या पाण्यात साबण नेऊ नका, आणि कुणी सुशोभीकरणाचा बेत काढलाच तर तळाच्या दगडांचं काय करणार हे आधी विचारा.

प्रश्न : उन्हाळ्यात पंचगंगेत मासे मरून वर येतात, आम्ही फोटो टाकतो, बातमी येते, पंचनामा होतो आणि पुढं काही होत नाही. नक्की काय करायचं? (शिरोळ तालुका)

ताई, तुमची चीड अगदी योग्य आहे. वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि त्याला 'नैसर्गिक' म्हणून सोडून देणं मला तरी मान्य नाही.

मासे का मरतात ते आधी. सांडपाणी, मळी, कापड-प्रोसेसचं पाणी पात्रात आलं की ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. उन्हाळ्यात बंधाऱ्यात पाणी साठलेलं असतं, गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो, वर जलपर्णीचा थर असतो, आणि वळवाचा पहिला पाऊस झाला की नाल्यांत महिनोनमहिने साठलेलं सगळं एकदम नदीत येतं.

आता पुराव्याचं. फोटोत मेलेला मासा दिसतो पण कारण दिसत नाही, आणि पंचनामा व्हायला दुसरा दिवस उजाडला की ते पाणी पुढं वाहून गेलेलं असतं. म्हणून पहिल्या तासाभरातलं काम गावानंच करायचं. वेळ लिहून ठेवा, कारण पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो. मासे पहाटे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून धापा टाकत असतील तर प्राणवायू संपलाय असं समजायला जागा आहे, आणि दुपारी लख्ख उन्हात लहान-मोठे, सगळ्या जातींचे एकदम उलटे पडले तर विषारी काही सोडलंय का याची शंका घ्यावी लागते. मरळ दिसली का बघा, ती वर येऊन हवेतनं श्वास घेते, त्यामुळं मरळसुद्धा मेली असेल तर नुसत्या प्राणवायूच्या कमतरतेवर विश्वास ठेवू नका.

पाण्याचा नमुना दोन ठिकाणचा घ्या, मासे मेलेत त्या जागेचा आणि जो नाला नदीत मिसळतो त्याच्या वरच्या बाजूचा. एकाच ठिकाणचा घेतला तर घाण कुठनं आली ते सिद्ध होत नाही. बाटली स्वच्छ, त्याच पाण्यानं दोनदा खळबळून, काठोकाठ भरायची, वर हवा ठेवायची नाही, झाकण पाण्याखालीच लावलं तर उत्तम. बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यायची. दोन-तीन ताजे मेलेले मासे वेगळ्या पिशवीत बर्फावर ठेवा, कुजलेले नकोत, त्यातनं काही कळत नाही. कुठल्या जाती मेल्या ते स्थानिक नावानं लिहा, गावातल्या कोळी-भोई मंडळींना विचारा, त्यांच्याएवढं कुणाला माहीत नसतं.

आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात तक्रार लेखी द्या, पोच घ्या, ग्रामपंचायतीच्या ठरावाची प्रत जोडा. फोनवरच्या तक्रारीवर थांबू नका. नमुने त्यांनी घेतले तर तुमच्याही दोन माणसांच्या सह्या त्या पंचनाम्यावर होतील असं बघा, आणि तपासणीचा अहवाल मुदतीत मिळाला नाही तर माहिती अधिकारात मागा. तारखेवार नोंदींची वही गावात एका माणसाकडं ठेवा, दरवर्षी कुठल्या महिन्यात, कुठल्या बंधाऱ्यावर, कुठले मासे, असं दोन-तीन वर्षांचं लिहिलेलं असेल तर त्याला 'अचानक घडलं' असं कुणाला म्हणता येत नाही. अशी वही कुणाकडं आधीच असेल तर आम्हाला कळवा, पुढच्या अंकात त्यातल्या नोंदी छापू.